पडद्यावरचें दुखणें

इंग्लंडच्या वायव्य भागांत २००१ सालच्या जून महिन्यांत अल्मा नांवाची एक प्रौढ बाई वारली. एका लहानशा उपाहारगृहांत लोकांना चहा-फराळ देण्यांत तिचीं बरींच वर्षें गेलीं होतीं. दोनदां मांडलेला संसार दोनदां मोडला होता. पण स्वभाव गोड, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अडीनडीस धांवून जाण्याची हौस मोठी. सरकारी आरोग्यखात्याकडून ठराविक काळानें येणारें तपासणीचें बोलावणें तिनें, हजारों बायका टाळतात त्याप्रमाणें, टाळलें होतें. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग ध्यानांत आला तेव्हां उपायाची वेळ निघून गेली होती. थोड्याच आठवड्यांत तिचा अंत झाला, आणि लाखों घरांतून डोळे पुसले गेले.

ही अल्मा जगांत कधींच नव्हती. मँचेस्टरकडे तयार होणाऱ्या आणि १९६० सालच्या डिसेंबरापासून अखंड चालू असलेल्या 'कॉरोनेशन स्ट्रीट' या दूरचित्रवाणी-मालिकेंतील तें एक पात्र होतें; अमँडा बॅरी या नटीनें तें अनेक वर्षें वठविलें होतें. परंतु जी बाई जन्मलीच नाहीं तिच्या मरणानें जें घडवून आणलें तें मात्र खरें होतें, आणि तें मोजूनहि पाहण्यांत आलें. त्या प्रदेशांतील तपासण्यांच्या नोंदी चाळतां असें दिसलें कीं, ही कथा दाखविल्यानंतरच्या एकोणीस आठवड्यांत, मागील वर्षाच्या त्याच काळापेक्षां सुमारें १४,००० तपासण्या अधिक झाल्या. वाढ शेंकडा एकवीस! आरोग्यखात्याचीं पत्रें तर त्यापूर्वींहि दर तीन ते पांच वर्षांनीं प्रत्येक बाईच्या घरीं जातच होतीं. दवाखान्यांत भित्तिपत्रकें होतीं. डॉक्टर सांगत होते. मग या हजारों बायका इतके दिवस कोणाची वाट पाहत होत्या?

आपल्या जुन्या साहित्यशास्त्रकारांना या प्रश्नाचें उत्तर ठाऊक होतें. मम्मटानें उपदेशाचे तीन प्रकार सांगितले आहेत: एक राजाज्ञेसारखा, दुसरा मित्राच्या सल्ल्यासारखा आणि तिसरा प्रिय पत्नीच्या गोड बोलण्यासारखा. काव्याचा उपदेश या तिसऱ्या जातीचा. आरोग्यखात्याचें पत्र ही आज्ञा झाली; डॉक्टरांचें सांगणें हा सल्ला झाला. दोन्ही ऐकतांना मनुष्याचें मन दाराशीं पहारेकऱ्यासारखें उभें असतें. कथा ऐकतांना मात्र तो पहारेकरी स्वतःच आंत येऊन बसतो. त्यांतून मालिकेचें कथानक म्हणजे एका बैठकीचें काम नव्हे. वर्षानुवर्षें, ठरलेल्या वारीं, ठरलेल्या घटकेस, जेवणाच्या आगेंमागें, तीच माणसें घरांत येत असतात. त्यांच्याशीं नातें जुळतें. आणि नात्यांतल्या माणसाचें दुखणें हें वर्तमानपत्रांतल्या दुखण्यासारखें नसतें.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती बहुधा सर्वांत मोलाची. ज्या विषयाचा उच्चार घरांत कोणी करीत नाहीं त्याला मालिका एक परकें नांव देते. आईला मुलीपाशीं स्वतःच्या शरीराविषयीं बोलतां येत नाहीं, पण अल्माविषयीं बोलतां येतें. "तिनें वेळेवर जावयास हवें होतें" असें एकीनें म्हणावें, आणि त्यांतला प्रश्न दुसरीनें न विचारतां ओळखावा. लाज राखून भीति बोलून दाखविण्याची ही सोय कोणत्याहि भित्तिपत्रकानें आजवर करून दिलेली नाहीं.

कथेची ही शक्ति हाताशीं धरून तिला हेतुपूर्वक कामास लावण्याचा विचार मात्र अल्मेच्या पुष्कळ आधीं दूरच्या मेक्सिकोंत झाला. आणि त्यालाहि निमित्त झालें तें पेरू देशांतल्या एका साध्या करमणुकीचें. १९६९ सालीं तेथें 'सिंप्लेमेंते मारिया' ही मालिका सुरू झाली. खेड्यांतून राजधानींत येऊन घरकाम करणारी एक गरीब पोर रात्रीं शिवणकाम शिकते आणि शिवणयंत्राच्या बळावर नांवाजलेली वेशरचनाकार होते, एवढीच कथा. लेखकाच्या मनांत उपदेश नव्हता. पण मालिका जेथें जेथें दिसली तेथें तेथें शिवणयंत्रांचा खप वाढला, आणि शिवणाच्या वर्गांत मोलकरणींची रीघ लागली. मारियेच्या लग्नाच्या प्रसंगाचें चित्रण लिमा शहरांतील एका देवळांत झालें तेव्हां हजारों लोक आहेर घेऊन दाराशीं उभे होते!

मेक्सिकोंतील नाट्यदिग्दर्शक मिगेल साबिदो यानें हें पाहिलें आणि त्याचें शास्त्र बनविलें. आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाचें असें प्रतिपादन होतें कीं, मनुष्य सांगितल्यानें शिकतो त्याहून दुसऱ्याचें वागणें व त्या वागण्याचें फळ पाहून अधिक शिकतो. साबिदोनें त्यावरून आपल्या कथांत तीन तऱ्हेचीं माणसें घातलीं. एक सुमार्गानें जाणारें, एक आडमार्गानें जाणारें, आणि एक दोहोंच्या मध्यें घोटाळणारें. खरी किल्ली या तिसऱ्यापाशीं. प्रेक्षक सज्जनाला नमस्कार करतो, दुर्जनाला शिव्या देतो, पण आपलें तोंड पाहतो तें या चलबिचल झालेल्या माणसांत. १९७५ सालच्या पहिल्या प्रयोगाचा विषय प्रौढ साक्षरता हा होता, आणि पुस्तिका कोठें मिळतील हें एका भागांत सांगतांच त्या ठिकाणीं एवढी झुंबड उडाली कीं शहराची रहदारी अडून पडली. १९७७ सालीं 'आकोंपान्यामे' या मालिकेंत त्यानें कुटुंबनियोजनाचा विषय घेतला. त्यानंतर कुटुंबनियोजन-केंद्रांतील गर्दी वाढली हें खरें. तथापि मेक्सिकोचें सरकारहि त्याच सुमारास त्याच कार्याचा मोठा गाजावाजा करीत होतें, हें विसरून सगळें श्रेय कथेच्या पदरीं घालणें म्हणजे कथेनें आपल्यावरहि मोहिनी घातली असें होईल.

मेक्सिकोंतील हा वृत्तांत हिंदुस्थानांत आला त्यांत एका महाराष्ट्रीयाचा हात होता. माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री राहिलेले वसंत साठे मेक्सिकोस जाऊन आले आणि तसा प्रयोग येथें व्हावा अशी त्यांनीं खटपट केली. तिचें फळ म्हणजे दूरदर्शनवरील 'हम लोग'. ७ जुलै १९८४ रोजीं ही मालिका सुरू झाली आणि १७ डिसेंबर १९८५ रोजीं, दीडशेंहून अधिक भाग झाल्यावर, संपली. लेखक मनोहर श्याम जोशी. प्रत्येक भागाच्या शेवटीं अशोककुमार पडद्यावर येत आणि घडलेल्या गोष्टीचा मथितार्थ चार शब्दांत सांगत. मराठी श्रोत्याला यांत नवल वाटूं नये. कीर्तनांत बुवा पूर्वरंगांत निरूपण करतात आणि उत्तररंगांत आख्यान लावतात. येथें आख्यान आधीं व निरूपण मागून, इतकाच फेर.

पण सुरुवातीस निरूपणच फार झालें. पहिल्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा विषय इतक्या उघडपणें मांडला गेला कीं प्रेक्षक कंटाळले. मालिका बंद पडते कीं काय अशी वेळ आली, तेव्हां लेखकानें तो विषय मागें सारून घरांतल्या माणसांना मोकळें सोडलें. दारुडा बाप बसेसरराम, सोशिक आई भागवंती, लग्नावांचून राहिलेली थोरली बडकी, सिनेमाच्या नादीं लागलेली मझली, बेकार लल्लू, आणि खोकत, करवादत, सर्वांवर जीव टाकणारी दादी! त्यानंतर मात्र संध्याकाळीं गल्ल्या ओस पडूं लागल्या. ज्या घरीं यंत्र होतें त्या घरीं सारी आळी जमूं लागली. दूरदर्शनकडे व अशोककुमारांकडे मिळून सुमारें चार लाख पत्रें आलीं. कथेंतल्या दादीस कर्करोग झाला तेव्हां तिला मारूं नये म्हणून लोकांनीं लेखकाची मनधरणी केली. नेत्रदानाचा एक प्रसंग दाखविला गेला, त्यावरून उत्तर प्रदेशांतील मलिहाबाद येथील तरुणांच्या मंडळानें शेंकडों लोकांच्या नेत्रदानाच्या सह्या गोळा केल्या.

येथवर सर्व शोभिवंत आहे. परंतु मालिका संपल्यावर अरविंद सिंघल व एव्हरेट रॉजर्स या संशोधकांनीं प्रेक्षकांना प्रत्यक्ष विचारून पाहिलें, तेव्हां कथा किती उलट्या दिशेनेंहि चालते तें उघड झालें. भागवंतीचें पात्र लेखकानें इशारा म्हणून घातलें होतें. नवऱ्याचा मार व सासूचे टोमणे खाऊन, स्वतःच्या प्रकृतीचा विचारहि मनांत न आणतां खपणारी ही बाई पाहून बायकांनीं असें राहूं नये असें म्हणावें, हा हेतु. पुष्कळ प्रेक्षकांनीं तिला आदर्श गृहिणी ठरविलें! आपल्या आईनें, आजीनें हेंच केलें. पडद्यावरची बाईहि तेंच करते. तेव्हां हाच स्त्रीधर्म, असा त्यांचा हिशेब. आणि कुटुंबनियोजनाचें काय झालें? मूळ हेतु तो. पण जिचा खप निश्चितपणें वाढला ती वस्तु निराळीच. 'हम लोग'ला आश्रय देणाऱ्या व्यापारी कंपनीच्या, दोन मिनिटांत शिजणाऱ्या मॅगीच्या शेवया या मालिकेबरोबरच्या जाहिरातींतून घरोघर पोंचल्या आणि मुलांच्या डब्यांत जाऊन बसल्या. मालिकेनें मध्यमवर्गाच्या आहारावर केलेला परिणाम हा आरोग्याच्या इतिहासांत नोंदण्यासारखा आहे. मात्र तो कोणीहि योजिलेला नव्हता.

कथेनें शिकविलेलें किती दिवस टिकतें, हाहि विचार केला पाहिजे. अमेरिकेंत १९९४ सालीं 'ईआर' ही रुग्णालयाच्या आकस्मिक विभागाची मालिका सुरू झाली आणि पंधरा वर्षें चालली. १९९७ सालच्या एका भागांत, बलात्कारानंतर गर्भधारणा टाळण्यासाठीं तातडीच्या गोळ्या मिळतात हें एका प्रसंगाच्या ओघांत सांगितलें होतें. कैसर फाउंडेशन या संस्थेनें मालिकेच्या नियमित प्रेक्षकांना त्या भागाच्या आधीं व नंतर प्रश्न विचारले. आधीं शेंकडा ५० लोकांना अशा उपायाची माहिती होती. भाग झाल्यावर ही संख्या ६७ वर गेली. अडीच महिन्यांनीं पुन्हां विचारलें, तों ती परत ५०! गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या पॅपिलोमा विषाणूविषयींच्या कथेचें भाग्य थोडें बरें होतें. २४ वरून ४७, आणि सहा आठवड्यांनीं ३८. माहिती अशी आली आणि अशी गेली. अल्मेच्या कथेनें चौदा हजार तपासण्या झाल्या त्या ज्ञानामुळें झाल्या असें म्हणतांच येत नाहीं. तपासणी असते हें तेथील बायकांना ठाऊकच होतें. कथेनें दिला तो धक्का, आणि तो धक्का ओसरण्यापूर्वीं पावलें टाकून पोंचतां येईल इतक्या जवळ दवाखाना होता. असा दवाखाना जवळ नसता तर त्याच बायका रडून, डोळे पुसून, दुसऱ्या दिवशीं कामास लागल्या असत्या.

मात्र विसरली जाते ती बहुधा खरी माहिती. खोटी माहिती, विशेषतः आशा लावणारी, फार चिवट असते. मालिकांतील रुग्णालयांत हृदय बंद पडलेला मनुष्य सहसा मरत नाहीं. डॉक्टर छाती दाबतात, विजेचा धक्का देतात, पडद्यावरील सरळ रेघ पुन्हां नाचूं लागते, आणि पुढच्या प्रसंगांत रोगी उशीला टेकून बोलतो. सुसान डीम व तिच्या सहकाऱ्यांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठीं अमेरिकेंतील तीन कार्यक्रमांचे ९७ भाग बसून पाहिले. त्यांत असे साठ प्रसंग आले. शेंकडा ७५ रोग्यांचें हृदय पुन्हां चालू झालें, आणि शेंकडा ६७ रोगी हिंडतेफिरते घरीं जातील असें दाखविलें होतें. प्रत्यक्षांत, रुग्णालयांतच हृदय बंद पडलेल्यांपैकीं जिवंत घरीं जाणारे त्या काळीं तेथें शेंकडा पंधराच्या आसपास होते; आज वैद्यकाची इतकी प्रगति झाल्यावरहि ती संख्या पंचविसाच्या आसपासच घुटमळते. मालिकांतील रोगी बहुतेक तरुण, अपघातांत सांपडलेले. खरे रोगी बहुतेक वृद्ध आणि आधींच जीर्ण झालेले.

हा केवळ आंकड्यांचा वाद नव्हे. ऐंशीं वर्षांचा बाप अतिदक्षता विभागांत पडलेला आहे. मूत्रपिंडें थकलीं आहेत, फुफ्फुसांत पाणी झालें आहे. बाहेरच्या बांकावर मुलें बसलीं आहेत, आणि डॉक्टर हळूच येऊन विचारतो, "हृदय थांबलें तर छाती दाबून प्रयत्न करावयाचा कीं नाहीं?" या प्रश्नाचें उत्तर देणाऱ्या मुलानें तें दृश्य आयुष्यांत प्रत्यक्ष पाहिलेलें नसतें, पडद्यावर मात्र शंभरदां पाहिलेलें असतें. त्याच्या डोळ्यांपुढें उठून बसणारा रोगी असतो. मोडणाऱ्या बरगड्या, घशांतली नळी आणि यंत्राला टांगलेले शेवटचे चार दिवस नसतात. "करा" म्हणतांना तो बापावर उपकार करीत असतो अशी त्याची समजूत, आणि "नको" म्हणणाऱ्या भावाला तो जन्मभर क्षमा करीत नाहीं. (वाटेंत कोसळलेल्या माणसाची छाती तेथल्या तेथें दाबणें हें मात्र प्रत्येकानें शिकून ठेवावें असेंच काम आहे, तेवढ्यानें जगण्याचा संभव खरोखर वाढतो. दोष उपायाचा नाहीं, त्याच्या नांवानें दिलेल्या वचनाचा आहे.) कथालेखक येथें असें म्हणतील कीं, आम्ही वैद्यकाचे पाठ देण्यास बसलों नाहीं. पण पाठ दिले जातातच; शिक्षकानें नाकारल्यानें शिष्याचें शिकणें थांबत नाहीं.

याहून कठोर अनुभव इंग्लंडांतच आला होता. १९९६ सालच्या नोव्हेंबरांत 'कॅज्युअल्टी' या लोकप्रिय मालिकेंत एका पात्रानें औषध अतिप्रमाणांत घेऊन जीव देण्याचा प्रयत्न केल्याचें दाखविलें. अशा औषधानें किती हानि होते हें लोकांना कळावें, असाहि त्यांत हेतु असूं शकेल. ऑक्सफर्ड येथील कीथ हॉटन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं देशांतील ४९ रुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या. त्या भागानंतरच्या पहिल्या आठवड्यांत असे रोगी शेंकडा १७ नीं वाढले, दुसऱ्या आठवड्यांत शेंकडा ९ नीं. ज्या शक्तीनें अल्मेच्या शेजारणींना दवाखान्यांत नेलें तीच ही शक्ति. रडणाऱ्याला कथा हाताला धरून नेते, पण कोठें नेते हें त्यानें तिला विचारलेलें नसतें. म्हणूनच अलीकडे ज्या देशांत असे प्रसंग दाखवितात तेथें ते कसे दाखवावे, काय झांकून ठेवावें, आणि मदतीसाठीं कोणाकडे जावें हें भागाच्या शेवटीं कसें सांगावें, याचे नियम मानसोपचारतज्ज्ञांना विचारून ठरविण्याची पद्धत पडत आहे.

मदतीचें दार कथेशेजारींच उघडून ठेवण्याची कला आफ्रिकेंत फार चांगली साधली आहे. नायजेरियांत 'शुगा' या मालिकेची रीतसर परीक्षा घेण्यांत आली. कांहीं वस्त्यांतील तरुणांना ती दाखविली, कांहींना दुसरीच एक मालिका दाखविली, आणि आठ महिन्यांनीं कोण एचआयव्हीच्या तपासणीस येतो तें पाहिलें. 'शुगा' पाहणाऱ्यांत तपासणीस येणाऱ्यांचें प्रमाण जवळजवळ दुप्पट निघालें. मात्र हें दुप्पट म्हणजे शेंकडा तीनांचे सहा, हेंहि सांगितलेलें बरें.

दक्षिण आफ्रिकेंतील 'सोल सिटी' हिची हकीकत निराळी आहे. गार्थ जाफेट नांवाचा डॉक्टर गरीब वस्त्यांतील दवाखान्यांत काम करतांना, एकच सांगणें रोज शंभर रोग्यांना सांगून थकला आणि मालिकेकडे वळला. १९९४ सालीं पहिली मालिका आली. १९९९ सालीं चौथी आली, तिचा विषय बायकोला होणारी मारहाण हा होता. दवाखान्यांत येणाऱ्या अर्ध्या जखमा पायऱ्यांवरून पडून झालेल्या असतात असें बायका सांगतात, आणि पायऱ्या नसलेल्या घरांतूनहि त्या तशाच सांगतात, हें कोणत्याहि देशांतला डॉक्टर जाणतो. कथेंत थबांग हा चारचौघांत मान असलेला नवरा आपल्या बायकोस, मत्लाकलेस, मारीत असतो. भिंतीपलीकडचे शेजारी ऐकत असतात. नवराबायकोच्या भांडणांत पडूं नये हा तेथलाहि शिष्टाचार. शेवटीं एके रात्रीं ते घराबाहेर येतात. कोणी दार फोडीत नाहीं, कोणी उपदेश करीत नाहीं. ते पातेलीं आणि तवे घेऊन उभे राहतात आणि सगळे मिळून ते वाजवितात, इतकेंच. आंतल्या माणसाला कळतें कीं आपण काय करतों तें सर्वांना ठाऊक आहे.

त्या मालिकेबरोबर, पीडित स्त्रियांसाठीं अहोरात्र चालणारा एक दूरध्वनि-क्रमांकहि सुरू केला होता. पण पातेलें तर प्रत्येक घरांत होतेंच. पुढें कांहीं वस्त्यांतून बातम्या आल्या कीं मारहाणीचा आवाज होतांच शेजारी भांडीं वाजवूं लागले आहेत. थेंबिसा या वस्तींतील एका गुत्त्यांत एक मनुष्य आपल्या मैत्रिणीच्या अंगावर हात टाकूं लागला. तेथें भांडीं नव्हतीं. गिऱ्हाइकांनीं पुढ्यांतल्या बाटल्या उचलल्या आणि एका तालांत वाजविण्यास सुरुवात केली.